सासू रक्ताची नसते

इंझोरी,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. वैजयंतीस,

ताईचे आशीर्वाद. रिसोडला तुम्ही सगळे मजेत असालच. विकासरावांच्या अडत दुकानात सोयाबीनची गर्दी असेल, प्रज्वल आणि मुन्ना शाळेच्या मागे लागले असतील. इकडे तूर फुलावर आहे, हरभरा वर आला. रानडुकरांनी धुऱ्याकडचा तुकडा उकरून ठेवला, बाकी ठीक. माझी तब्येत किमोनंतर जशी असते तशी आहे.

फोन असताना पत्र कायले, असं म्हणशील. फोनवर तू आधी रडतेस आणि मग मलाच तुला समजवावं लागतं. आजारी मी, आणि 'उगी, उगी' पण मीच म्हणायचं. म्हणून कागद घेतला.

पेढे पोचले. एसटीच्या कंडक्टरनं फाट्यावर पिशवी दिली, ह्यांनी आणून माझ्या मांडीवर ठेवली. "वैजीचा रिपोर्ट चांगला आला, विकासरावानं पेढे धाडले," म्हणाले आणि उभ्या उभ्या एक तोंडाला लावला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांनी अर्धा खाल्ला आणि अर्धा खिडकीत ठेवून दिला. वैजू, ज्या घरात रिपोर्ट वाईट आला, त्या घरात आपल्या चांगल्या रिपोर्टचे पेढे कोणी धाडते काय? विकासरावांच्या ध्यानात आलं नसेल, पुरुषमाणूस आहेत. पण पिशवीवर पत्ता तुझ्या अक्षरात होता.

जाऊ दे. तुझ्यात तो जीन नाही हे ऐकून आनंद झाला. बहीण आहे मी तुझी, होणारच. शेजारी वाटून टाकले पेढे. कशाचे म्हणून विचारलं तर हे म्हणाले, सहजच.

परवा कामरगावच्या काकू मला पाहायला आल्या होत्या. बसल्या नाहीत तर म्हणतात, "वैजीनंच शोधून काढलं म्हणे तुहं दुखणं कुठून आलं ते." म्हणजे दुखणं माझं आणि नाव तुझं! तू सगळ्या गोतात कसं सांगून राहिलीस कोण जाणे. मलाही एकदा माझ्या तोंडानं सांगू दे.

ऑपरेशन झाल्यावर नागपूरच्या दवाखान्यात त्या जीनच्या तपासणीवाल्या मॅडमनी विचारलं, "माहेरी कोणाला छातीचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर होता का?" मी म्हटलं, नाही. आई अटॅकनं गेली, मावशी अजून ठणठणीत आहे, आजी म्हातारी होऊन गेली. यात काय खोटं आहे सांग. हे बाजूच्या खुर्चीवर होते. हे म्हणाले, "माह्या मायले होतं जी. छातीलेच." मॅडम हसल्या. "काका, सासूबाई सुनेच्या रक्ताच्या नसतात. त्यांचं यात धरत नाहीत." आम्ही दोघांनी माना हलवल्या. बरोबरच आहे, सासू कुठं रक्ताची असते! बाहेर येऊन चहा प्यालो आणि गाडीत बसलो. तपासणीची तुम्हाला गरज दिसत नाही, असं मॅडमनी लिहून दिलं होतं.

तू हसतेस यावर, मला माहीत आहे. पण तू त्या घरात नांदली नाहीस. भावाची पोरगी बहिणीच्या घरी द्यायची आपली रीत, त्यात मला कधी वेगळं वाटलंच नाही. लग्न झालं आणि आत्या माझी सासू झाली. तिचे सणवार, तिचे रुसवे, तिचं दुखणं, सगळं सासरचं. माहेर म्हटलं की मला आई दिसते. बाबांची सख्खी बहीण दिसत नाही, कारण ती तर चुलीपाशी बसून मला भाकरी कशी थापायची ते सांगत होती.

पुढच्या खेपेला तू सोबत आलीस. नवी साडी, खांद्याला पर्स. खुर्चीवर बसता बसता म्हणालीस, "अहो मॅडम, हिची सासू म्हणजे आमची सख्खी आत्या आहे ना!" मग धावपळ. माझं रक्त घेतलं, रिपोर्ट आला, बिघाड निघाला, बाबांच्या बाजूनं आलेला. मॅडम मला म्हणाल्या, "किती हुशार बहीण आहे तुमची." आत्याची जखम मी धुतली, वैजू. तिनं गळू समजून हळदीचा लेप लावला आणि पदराखाली लपवून ठेवलं, लाजेपायी पोटच्या पोराला सांगितलं नाही. वास सुटला तेव्हा घरात कळलं. कोमट पाणी, कापूस, रात्रीचं उठणं, सगळं मी केलं. तू एकदा द्राक्षं घेऊन आली होतीस. आणि हुशार तू.

बाबांनी शिकवलं तसं शुद्ध लिहायला बसले होते. तुझ्यावर राग आला की जमत नाही.

आत्या लुगडं-नारळ घेऊन आपल्या दारी आली तेव्हा म्हणाली होती, "दोघींतली कोणतीबी दे रे भाऊ." तू माजघरातून ओरडलीस, मी शेण काढाले जाणार नाही, मी डी.एड. करणार. बाबांचा शब्द पडू नये म्हणून मी पाटावर बसले. त्याचं मला वाईट वाटत नाही. तुझ्या इंद्रभानदादासारखा माणूस शोधून मिळणार नाही, या आजारात त्यांनी माझं ताटसुद्धा उचललं. पण कधी कधी मनात येतं, आत्याचं घर आपल्या दोघींपुढं ठेवलं होतं, ते मी घेतलं. बाबांचं रक्त पण दोघींना सारखंच. त्यातलं खराब तेवढं माझ्याच वाट्याला का यावं? तू दोन्ही वेळा सुटलीस.

आता खरं काम. ह्यांचाही रिपोर्ट आला. ह्यांच्यात तोच बिघाड निघाला, आत्याकडून आलेला. पुरुषाला त्याचा त्रास बाईइतका नसतो म्हणतात, पण तपासत राहावं लागतं. मॅडमनी दार लावून सांगितलं, साध्या घरात लेकराला यायचं अर्धं भय असतं, तुमच्यात आई-बाप दोघांकडून आहे, म्हणून जास्त. वैभवीची तपासणी लवकर करा.

ती वाशिमला होस्टेलवर आहे. शेवटचं वर्ष आहे. तिला अजून बापाचं काही माहीत नाही. परीक्षा झाली की मी सांगीन, जवळ बसवून, माझ्या पद्धतीनं. ती तुला रोज फोन करते हे मला माहीत आहे. तू तोंड उघडू नको. तिची आई मी आहे.

सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी,
ताई


इंझोरी,
५ डिसेंबर

वैजे,

तुले कोन म्हटलं होतं तोंड उघडाले? मी लिहून धाडलं होतं ना, मी सांगीन म्हणून? तरी तुले राहवलं नाही. काहून? कायची घाई झाली होती तुले?

पोरगी होस्टेलातून निघाली ते सरळ रिसोडले गेली. वाशिमहून इकडची गाडी बी भेटते अन् तिकडची बी. ते तिकडच्या गाडीत बसली. ह्यांनी फोन लावला तं म्हणते, "बाबा, मी मावशीकडे आहे, तुम्ही जेवण करा." मी फोन हाती घेतला तं दोन शब्द बोलली अन् ठेवून देल्ला. ते दोन शब्द मी लिहीत नाही. तुले माहीतच असन, तुह्याच सयपाकघरात उभी राहून बोलली.

अन् आता म्हणते, रक्त देणार नाही. तपासणीच नाही करत म्हणते. हे सांगायची एक येळ असते, एक तऱ्हा असते. मी मनात शंभरदा बोलून ठेवलं होतं कसं सांगीन ते. तिचे पाय माह्या मांडीवर घेऊन सांगणार होती.

तुले देवानं दोन पोरं देल्ले, पोरगी नाही देल्ली, तवापासून तुहा डोळा माह्या पोरीवर आहे. लहानपणी सुटीत तुह्याकडे गेली का परत याले रडे. पहिल्यांदा बाजूले बसली ते बी तुह्याच घरी, मले मागून कळलं. तू तिले साडी घेतली, गोडाचं केलं, फोटो काढले. मी फोटोत पाह्यलं माह्या पोरीले. तवा मी काही बोलली नाही. आता हे बी तूच सांग्तलं. मंग मी कायले आहो तिची आई? निस्तं जीन द्याले?

ठेव आता तिले. चांगलं चुंगलं खाऊ घाल. केसाले तेल लावून दे तुह्या हातानं. माह्या घरात तं कंगवा बी लागत नाही आता.

उत्तर देऊ नको.

विजयमाला


इंझोरी,
१२ जानेवारी २०२५

चि. वैजू,

आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी जागीच होते. ह्यांना सांगितलं, झोपली म्हणून सांगा. तू ह्यांना जे सांगितलंस ते मी भिंतीकडे तोंड करून ऐकलं.

तुझ्यावरचा आळ खोटा होता हे मला त्याच्या आधीच कळलं होतं. तुरीची कापणी चालली आहे. मागच्या आठवड्यात शेतात शिदोरी घेऊन गेले, सगळे नको म्हणत असताना गेले, घरात जीव घाबरतो. जेवता जेवता हे एकदम म्हणाले, "वैजीचं काही चुकलं नाही. मीच धाडला." काय धाडला? तर रिपोर्ट! दवाखान्यानं ह्यांच्या फोनवर पाठवला होता, विंग्रजीत. "म्हटलं आपली पोरगी शिकलेली हाय, वाचून सांगन बापाले काय लिहिलं ते." मी कपाळावर हात मारला. आता या माणसाला काय म्हणावं? जे पोरीपासून लपवायचं होतं, तेच त्यांनी पोरीला वाचायला दिलं. आणि तिनं काय केलं माहीत आहे? सगळं वाचलं, आणि बापाला फोन करून सांगितलं, "बाबा, तुम्हाला यात घाबरायसारखं काही नाही, वर्षातून एकदा दाखवायचं, बस." हे खूश. चार जणांना सांगितलं, पोरीनं वाचून पाह्यलं, काही नाही म्हणते. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती तुझ्याकडे आली.

म्हणजे तिनं बापाला सांभाळलं. आणि तिला सांभाळायला तुला निवडलं.

तेव्हा तुझी चूक नव्हती. पण माफी मागायला मला अजून जड जाते. तू समजून घे. तू हुशार आहेस.

बघ, पुन्हा आलंच. मी काय करू? तुझं नाव निघालं की माझ्या तोंडात कडू येते. आधी वाटलं औषधाचं आहे. औषधाचं नाही. औषध बंद होऊन इतके दिवस झाले, तोंडाला चव आली, वरण गोड लागते, तुझं नाव तेवढं कडू लागते. मला तुझा हेवा वाटतो, वैजू. तुझ्या वेणीचा वाटतो. ब्लाऊज शिवायला टाकताना तू विचार करत नाहीस त्याचा वाटतो. पुढच्या वर्षीच्या गोष्टी तू सरळ बोलतेस, पुढच्या वर्षी मुन्नाची दहावी, पुढच्या वर्षी वरचा मजला, त्याचा सगळ्यात जास्त वाटतो.

एक लिहून टाकते, मग पुढचं लिहिता येईल. तुझा रिपोर्ट यायचा होता त्या दिवशी मी देवापुढं बसले होते. दिवा लावला, हात जोडले. हे मागून पाहत होते, त्यांना वाटलं मी तुझ्यासाठी मागून राहिले. मी मागत होते, वैजीतही निघू दे. थोडंसं का होईना, पण निघू दे. म्हणजे आपण दोघी नागपूरच्या गाडीत बाजूबाजूला बसू, तू खिडकीपाशी, मी इकडं. मग तुझा फोन आला आणि तू आनंदानं रडत होतीस. मी म्हटलं, बरं झालं बाई. आणि मोरीत जाऊन बसले.

आता तुला कळलं तुझी बहीण कशी आहे. वाचून फेकून दे, विकासरावांना दाखवू नको.

तुझ्या फोनवरचं. वैभवी तपासणीला तयार झाली, तू तयार केलंस. पण सोबत आई नको म्हणते. मावशी पाहिजे. तू ह्यांना विचारलंस, "ताईला विचारा, मी घेऊन जाऊ का?" हे दोन दिवस माझ्या मागे-पुढे फिरून राहिले, उत्तर मागायची हिंमत नाही.

पहिल्या दिवशी मी जेवले नाही. मी आई, मी आजारी, मी त्या दवाखान्याची पायरी न् पायरी ओळखते. कोणत्या खिडकीवर नंबर लावायचा, कोणती सिस्टर सुई हळू टोचते, मला माहीत. तुला काय माहीत? तू तर तिथं एक-दोनदा आलीस, चांगला रिपोर्ट घेऊन गेलीस. माझ्या पोरीचा दंड धरायचा तो मी धरायचा.

दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर आरशापुढं उभी राहिले. तू मला टोपीशिवाय पाहिलं नाहीस. मी नीट पाहिलं, डोकं, आणि छातीची एक बाजू. वैभवी दिवाळीला आली होती तेव्हा अशीच दारात येऊन थांबली होती. मी पदर ओढला तोवर तिनं पाहून घेतलं होतं. तेव्हा वाटलं तिला माझी किळस आली. आता वाटते, किळस नसेल. ती आपली गोष्ट पाहत होती. आणखी वीस वर्षांनी आपण असे, हे पाहत होती.

मी बाजूला बसले की तिला वाटणार, निघणारच. तू बाजूला बसलीस की तिला वाटेल, सुटू पण शकते माणूस. तुझ्यात बाबांचं रक्त आहे आणि तू सुटलीस. दाखवायला माझ्याजवळ काही नाही. तुझ्याजवळ आहे.

म्हणून, हो. घेऊन जा.

मॅडम सोमवारी बसतात, सकाळी लवकर पोचा. उपाशी नेऊ नको, या तपासणीला उपाशी लागत नाही, ती चक्कर येऊन पडते. डाव्या हाताची शीर सापडत नाही तिची, उजव्या हाताची घ्या म्हणावं. रक्त घेताना ती दुसरीकडे पाहते आणि बडबड करते, तिला बोलू दे, गप्प कर म्हणू नको. मॅडमला सांग, आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आहे, आणि आत्या कोणाची कोण ते तूच नीट सांग, आमच्यावर सोडू नको.

रिपोर्ट यायला काही आठवडे जातील. तोवर ती तुझ्याकडे राहायचं म्हणाली तर राहू दे. तिच्या लग्नाचं कोणी काढलं तर गप्प बसव, ह्यांनाही मी सांगितलं आहे. निघालं तर निघालं. तिला माझ्यासारखं उशिरा कळणार नाही, आत्यासारखं पदराखाली झाकावं लागणार नाही. हे मी तिला सांगायला पाठ केलं होतं. तू सांग. तुझ्या तोंडून ती ऐकते.

आता ते दोन शब्द. त्या दिवशी फोनवर वैभवी म्हणाली होती, "आई, मी मावशीच्या पोटी आली असती तर बरं झालं असतं." आणि ठेवून दिला. मी ते तुला लिहिलं नाही, ह्यांना सांगितलं नाही, कोणाला सांगितलं नाही. किती दिवस चावत बसले. एवढी मोठी केलेली पोर असं बोलते म्हणून तुझ्यावर जळले, तिच्यावर जळले. आणि काल आरशापुढं उभी होते तेव्हा माझ्याच तोंडून तेच निघालं. मोठ्यानं निघालं. आली असती तर बरंच झालं असतं, वैजू. मीही तेच म्हणते. आई असून म्हणते.

त्या रक्ताच्या खोलीत एकाच माणसाला आत सोडतात. दारावरची सिस्टर विचारते, सोबत कोण, आई काय? पोरींसोबत आलेल्या बायांना ती असं विचारते ते मी दर वेळी ऐकते, वैभवीला घेऊन गेले असते तर मी हो म्हणणार होते. आता तुला विचारील. तेव्हा तू मावशी म्हणून बाहेर थांबू नको. हो म्हण. आई आहे म्हण आणि तिच्यासोबत आत जा.

मले चालते म्हणून लिहीत नाही. चालत नाही. तरी तू म्हण.

वैभवीची आई,
विजयमाला